साइड-व्हॉल्व्ह इंजिनातील नॉक कमी करण्यासाठी सिलिंडर हेडच्या रचनांची चाचणी कशी घ्यावी

१९२०च्या आसपासच्या बहुसंख्य मोटारींची इंजिने साइड-व्हॉल्व्ह पद्धतीची होती. या इंजिनांत दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले असतात आणि ज्वलनकक्ष पिस्टनच्या डोक्यावरून बाजूच्या व्हॉल्व्हपर्यंत आडवा पसरलेला असतो. वरचे हेड म्हणजे केवळ पाण्याची पोकळी असलेले ओतीव झाकण असते. त्यात व्हॉल्व्ह, रॉकर किंवा कॅमशाफ्ट यांपैकी काहीही नसते. नट सोडवून एक हेड काढावे आणि दुसरे बसवावे, इतके हे काम सुटसुटीत असल्यामुळे ज्वलनकक्षाच्या आकाराचा नॉकवर (ज्वलन बिघडून इंजिनात येणाऱ्या ठोकण्याच्या आवाजावर) होणारा परिणाम तपासायला यापेक्षा सोयीचे इंजिन सापडणे कठीण आहे. मात्र याच सुटसुटीतपणामुळे फसव्या तुलनाही फार झाल्या आहेत. नव्या हेडमधील कक्ष बहुधा जुन्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे कॉम्प्रेशन (पिस्टन सर्वांत खाली व सर्वांत वर असतानाच्या आकारमानांचे गुणोत्तर) वाढते, ताकद वाढते आणि श्रेय मात्र आकाराला दिले जाते. आकाराचा परिणाम कॉम्प्रेशन, इंधन, ठिणगीची वेळ आणि तापमान यांच्यापासून वेगळा कसा काढायचा, हाच या मार्गदर्शिकेचा विषय आहे.

आधी कारण समजून घ्यावे

ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि जळलेला वायू प्रसरण पावून पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला दाबत व तापवत जातो. कक्षाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यातील शेवटचे मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा उठतात आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हाच नॉक. त्यामुळे कोणत्याही हेडबाबत दोन प्रश्न विचारावे लागतात: ज्योतीला शेवटच्या मिश्रणापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, आणि तोवर ते मिश्रण किती तापते?

सुरुवातीच्या काळात नॉकचा दोष ठिणगीवर ठेवला जात असे. कॅडिलॅकच्या मोटारींत अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी प्रज्वलन-व्यवस्था आल्यावर नॉकची तक्रार तिच्या नावावर जमा झाली, आणि त्यातूनच केटरिंग व थॉमस मिजली यांचे इंधनावरील संशोधन सुरू झाले. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा नॉक रोखण्याचा गुण सापडला. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी इंधनाबरोबरच कक्षाच्या आकाराकडेही लक्ष दिले. कॉम्प्रेशन चालू इंजिनातच बदलता येईल असे ई-३५ नावाचे एकसिलिंडरी इंजिन त्यांनी बांधले आणि प्रत्येक इंधनासाठी नॉकपूर्वीचे सर्वांत जास्त उपयोगी कॉम्प्रेशन किती, ही मोजपट्टी रूढ केली. साइड-व्हॉल्व्ह इंजिनासाठी त्यांनी जे हेड आखले त्यात कक्षाची जवळजवळ सर्व जागा व्हॉल्व्हच्या वर गोळा केली होती आणि पिस्टनच्या बऱ्याच भागावर फक्त एक पातळ फट उरत होती. पिस्टन वर येताना या फटीतील मिश्रण झटक्याने कक्षात ढकलले जाते, त्यामुळे खळबळ माजून ज्योत वेगाने धावते. आणि शेवटी जळणारे मिश्रण दोन थंड पृष्ठभागांच्या मध्ये अडकून आपली उष्णता त्यांना देऊन टाकते. याच धर्तीचे हेड वापरून १९२४ साली क्रायस्लरने आपली मोटार सुमारे ४.७ कॉम्प्रेशनवर बाजारात आणली.

कोणती हेड करून घ्यावीत

उदाहरण म्हणून फोर्डचे मॉडेल टी इंजिन घेऊ. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३¾ इंच, म्हणजे ९५.२५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर आहे. एका सिलिंडरचे स्थलांतरित आकारमान त्यावरून सुमारे ७२४ घनसेंटिमीटर येते. कॉम्प्रेशन ३.९८ असेल तर कक्षाचे आकारमान २४३, ४.५ असेल तर २०७ आणि ५ असेल तर १८१ घनसेंटिमीटर हवे. तुलनेसाठीची सर्व हेड यांपैकी एकाच कॉम्प्रेशनची असली पाहिजेत, ही पहिली आणि न मोडण्याची अट आहे. एका हेडमध्ये २४० आणि दुसऱ्यात २०० घनसेंटिमीटर जागा असताना काढलेल्या निष्कर्षाला आकाराबाबतचा निष्कर्ष म्हणताच येत नाही.

किमान तीन रचना असाव्यात. पहिली, पिस्टनपासून व्हॉल्व्हपर्यंत सारख्या खोलीची सपाट पोकळी. जुन्या कारखान्यांतील हेड बहुधा या जातीची असत आणि तीच तुलनेचा पाया ठरते. दुसरी, पिस्टनच्या साधारण एक तृतीयांश भागावर पातळ फट असलेली. तिसरी, पिस्टनच्या दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक भागावर फट असलेली, म्हणजे पूर्ण रिकार्डो धर्तीची. तिसऱ्या रचनेत कक्षाकडून सिलिंडरकडे जाणारा घसा फार अरुंद झाला तर आत येणाऱ्या मिश्रणाची वाट अडते आणि भरणा कमी होतो. भरणा कमी झाला की नॉकही कमी होतो, पण तो हेडचा गुण नव्हे. म्हणून प्रत्येक हेडवर इंजिनाने घेतलेली हवा मोजावी. ती सोय नसेल तर निदान इनलेटमधील दाब आणि सर्वोच्च टॉर्क (फिरवण्याचा जोर) यांची नोंद ठेवावी.

एकाच हेडमध्ये बदलते तुकडे बोल्टने बसवून वेगवेगळे आकार करण्याचा मोह होतो, कारण त्यात ओतकामाचा खर्च वाचतो. तो टाळावा. असा तुकडा मागच्या धातूला सर्वत्र नीट टेकत नाही, त्याची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि तापलेला तुकडाच नॉकला आमंत्रण देतो. शक्य असेल तर सर्व हेड एकाच धातूची असावीत. ॲल्युमिनियमचे हेड ओतीव लोखंडाच्या हेडपेक्षा थंड राहते, त्यामुळे एक हेड ॲल्युमिनियमचे आणि दुसरे लोखंडाचे असेल तर फरक आकाराचा की धातूचा हे सांगता येत नाही. धातूची तुलना करायचीच असेल तर एकच आकार दोन्ही धातूंत करून ती स्वतंत्रपणे करावी.

आकारमान आणि फट मोजणे

नकाशावरील आकारमानावर कधीही विसंबू नये. ओतीव कामात दोन शेजारच्या कक्षांतही फरक पडतो. हेड उलटे आणि समतल ठेवावे, प्लग बसवावा, कक्षावर भोक पाडलेली जाड ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवावी आणि ब्युरेटने रॉकेल भरून आकडा घ्यावा. बुडबुडा राहिला तर मोज चुकते, म्हणून हेड किंचित कलते करून भोक सर्वांत वर येईल असे पाहावे. या आकारमानात दाबलेल्या गॅस्केटची जाडी, पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या वर किंवा खाली राहण्याचे अंतर आणि व्हॉल्व्हभोवतीची ब्लॉकमधील जागा हे सर्व मिळवावे लागते. ९५.२५ मिलिमीटर बोअरवर पिस्टनवरची फट १ मिलिमीटरने बदलली तर ७.१ घनसेंटिमीटरचा फरक पडतो, आणि ५च्या आसपासच्या कॉम्प्रेशनवर तो नक्कीच जाणवतो. चारही कक्ष एकमेकांच्या २ घनसेंटिमीटरच्या आत आणावेत. कक्ष मोठा असेल तर हेडची सपाटी काढून सर्वच लहान करण्यापेक्षा लहान कक्षांत घासून जागा वाढवणे बरे, कारण सपाटी काढताना फटही बदलते.

फट मोजण्यासाठी पिस्टनवर तीन-चार ठिकाणी मॉडेलिंगच्या मऊ मातीच्या गोळ्या ठेवाव्यात, हेड गॅस्केटसह पूर्ण घट्ट करावे, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवावी आणि हेड काढून दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजावी. १ ते १.५ मिलिमीटर फट या इंजिनाच्या वेगांना योग्य असते. ती ३ मिलिमीटरपर्यंत वाढली तर दोन्ही फायदे हातचे जातात: मिश्रण जोराने बाहेर फेकले जात नाही आणि आत राहिलेले पुरेसे थंडही होत नाही. बेअरिंग ढिली असलेल्या जुन्या इंजिनात फट १ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, नाहीतर पिस्टन हेडला टेकेल आणि त्याचा आवाज नॉकसारखाच वाटेल. जुनी गॅस्केट बहुधा तांबे व ॲस्बेस्टॉसची असतात. ती कोरडी घासू नयेत, ओली करून काढावीत आणि नव्या चाचणीसाठी ॲस्बेस्टॉसरहित गॅस्केटच वापरावी.

इंधन

आजच्या पेट्रोलवर ही चाचणी घेता येत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १९२०च्या दशकातील पेट्रोलचा दर्जा आजच्या मोजपट्टीवर साधारण ५० ते ६० ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे नॉक टाळण्याची इंधनाची क्षमता दाखवणारा आकडा) आसपास होता, तर आजचे साधे पेट्रोलही ९०च्या वर असते. ४ कॉम्प्रेशनच्या इंजिनात ते टाकले तर कोणतेही हेड नॉक करत नाही, आणि सर्व हेड सारखीच उत्तम ठरतात. आयसो-ऑक्टेन आणि एन-हेप्टेन यांची मोजून केलेली मिश्रणे हाच यावरचा खरा उपाय आहे. १९२६ साली ग्रॅहम एडगर यांनी हे दोन द्रव मानक म्हणून सुचवले आणि त्यांच्यावरच ऑक्टेनची मोजपट्टी उभी राहिली: आयसो-ऑक्टेनचे आकारमान ६० टक्के असेल तर मिश्रण ६० ऑक्टेनचे. हे द्रव महाग वाटले तर आजच्या पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून दर्जा खाली आणता येतो, पण मग पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही चाचणी संपेपर्यंत पुरेल इतके एकदाच भरून ठेवावे, कारण दोन खेपांचा दर्जा सारखा नसतो. असे मिश्रण ऑक्टेनचा आकडा देत नाही, क्रम मात्र लावून देते.

जुन्या काळाशी इमान राखण्यासाठी शिसे मिसळलेले इंधन वापरण्याचा विचारही करू नये. टेट्राएथिल लेड त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात त्याच्या विषबाधेने कामगारांचे मृत्यू झाले होते. हेप्टेनची वाफही सहज पेट घेते. मिश्रणे चाचणीच्या खोलीबाहेर करावीत, भांडी झाकलेली ठेवावीत आणि एक्झॉस्ट नळीने उघड्यावर न्यावा.

इंजिन स्थिर करणे

मूळ मॉडेल टीमध्ये पंपाशिवाय, पाणी तापून वर चढण्याच्या गुणावरच ते फिरते, त्यामुळे चार सिलिंडरांचे तापमान वेगवेगळे राहते. चाचणीसाठी पंप लावून हेडमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान ठराविक ठेवावे. १९३०च्या सुमारास रूढ झालेल्या इंधनाचा ऑक्टेन मोजण्याच्या प्रमाणित सीएफआर इंजिनात जॅकेटमधील पाणी उकळते ठेवून वाफ पुन्हा थंड करण्याची युक्ती आहे. तापमान आपोआप १०० अंश सेल्सिअसजवळ राहते आणि एका सिलिंडरच्या चाचणी-इंजिनावर ती सहज करता येते. आत जाणारी हवा, तेल आणि पाणी या तिघांचेही तापमान प्रत्येक नोंदीबरोबर लिहावे, तसेच वातावरणाचा दाब आणि आर्द्रताही. दमट हवेत नॉक कमी होतो, त्यामुळे सकाळी एक हेड आणि पाऊस पडून गेल्यावर दुसरे असा क्रम लागला तर निकालात हवामानाचीच नोंद होते.

मॉडेल टीच्या प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कंप पावणारी कॉइल असते आणि प्रत्येकीचा विलंब थोडा वेगळा असतो. चाचणीसाठी ही व्यवस्था बाजूला ठेवून एक कॉइल व डिस्ट्रिब्युटर लावावा, फ्लायव्हीलवर अंशांच्या खुणा कराव्यात आणि ठिणगीची वेळ टायमिंग लाइटने वाचावी. भार देण्यासाठी पाण्यावर चालणारा किंवा विजेचा डायनॅमोमीटर (इंजिनावर भार देऊन त्याचा टॉर्क मोजणारे यंत्र) असावा. रस्त्यावर चढ चढवून केलेली चाचणी उत्साहवर्धक असली तरी आकडे देत नाही.

नॉक ओळखणे

सराव झालेला कान आजही चांगले साधन आहे, पण तो दिवसाच्या शेवटी थकतो. ब्लॉकच्या वरच्या भागात, हेडच्या जोडापाशी, कंपनमापक घट्ट स्क्रूने बसवावा. ९५ मिलिमीटर व्यासाच्या गोल कक्षात नॉकची पहिली कंपने सेकंदाला सुमारे ६,००० असतात. साइड-व्हॉल्व्हचा कक्ष लांबट असल्याने ती ३,००० पर्यंतही खाली येतात. हेड बदलले की कक्षाची लांबी बदलते, म्हणून हा आकडा प्रत्येक हेडसाठी नव्याने शोधावा. एका हेडसाठी बसवलेला कंपनांचा गाळक (फिल्टर) दुसऱ्यावर तसाच ठेवला तर दुसरे हेड उगाच शांत भासते. मिजली यांनी वापरलेल्या उडत्या पिनच्या साधनाचे तत्त्वही दाबाच्या अशाच झटक्यांवर आधारलेले होते.

इतर आवाज आधी वेगळे काढावेत. ठिणगी पाच अंश मागे घेतल्यावर आवाज थांबला तर तो नॉक. बदलला नाही तर पिस्टन, गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) किंवा बेअरिंग तपासावे. पूर्ण भारावरून ठिणगी एकदम तोडून पाहावी: इंजिन क्षणभरही पेटत राहिले तर कार्बनचा कण, प्लग किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून स्वतःच मिश्रण पेटवत आहे. हा दोष नॉकच्या मोजणीत मिसळू देऊ नये. प्लग अधिक थंड जातीचा घेऊन आणि कक्ष साफ करून पुन्हा सुरुवात करावी.

प्रत्यक्ष चाचणी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खळबळीचे हेड मिश्रण लवकर जाळते, म्हणून त्याला ठिणगी कमी आगाऊ लागते. सपाट हेडला सर्वोत्तम टॉर्कसाठी ३० अंश लागत असतील आणि रिकार्डो धर्तीच्या हेडला २० पुरत असतील, तर दोघांनाही ३० अंशांवर चालवणे हा दुसऱ्यावर अन्याय आहे. त्याचा दाब फार लवकर चढतो, ते नॉक करते आणि चाचणी घेणारा त्यालाच वाईट ठरवतो. जुन्या काळातही, ठिणगीचा दांडा सवयीच्या जागी ठेवून नवे हेड आजमावणाऱ्यांची अशीच फसगत होत असणार.

म्हणून प्रत्येक हेडवर काम दोन टप्प्यांत करावे. पहिल्या टप्प्यात नॉक होणारच नाही असे उच्च ऑक्टेनचे इंधन घ्यावे, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि वेग स्थिर ठेवावा. मॉडेल टीसाठी मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपासचा वेग घ्यावा, कारण कमी वेगावर व पूर्ण भारावर शेवटच्या मिश्रणाला पेटायला सर्वाधिक वेळ मिळतो. ठिणगी दोन-दोन अंशांनी पुढे नेत टॉर्क नोंदवावा. आलेखाचा माथा सपाट असतो, त्यामुळे तो डोळ्यांनी न ठरवता सर्वोच्च टॉर्कच्या ९९ टक्के टॉर्क देणारी मागची वेळ घ्यावी. ती अधिक नेमकी सापडते. हीच त्या हेडची स्वतःची वेळ.

दुसऱ्या टप्प्यात ठिणगी त्याच वेळेवर बांधून ठेवावी आणि इंधनाचा दर्जा पायरीपायरीने खाली आणावा. प्रत्येक मिश्रणावर कार्ब्युरेटरची सुई थोडी दाट-पातळ करून नॉक सर्वाधिक कुठे होतो ते पाहावे आणि तिथेच नोंद करावी. २ ऑक्टेनच्या अंतरावरील दोन मिश्रणांपैकी एकावर ठरवलेल्या तीव्रतेचा नॉक होतो आणि दुसऱ्यावर होत नाही, अशी जोडी सापडली की त्या हेडची ऑक्टेनची गरज कळली. ज्या हेडची गरज कमी, ते नॉकच्या दृष्टीने चांगले. सर्व हेड झाल्यावर पहिले सपाट हेड पुन्हा बसवून त्याची नोंद पुन्हा घ्यावी. तिच्यात आणि पहिल्या नोंदीत २ ऑक्टेनहून जास्त तफावत असेल तर मधल्या काळात कार्बन, रिंग किंवा तापमान बदलले आहे, आणि सर्व मालिका पुन्हा घ्यावी लागते. चार सिलिंडरांचे इंजिन असेल तर एकेका प्लगची ठिणगी क्षणभर बंद करून आवाज कोणत्या सिलिंडरचा आहे ते शोधावे. मिश्रणाचे वाटप सारखे नसल्याने सर्वप्रथम नॉक करणारा सिलिंडर बहुधा तोच तो असतो, आणि तोच निकाल ठरवतो.

प्लगची जागा

कमी खर्चात सर्वाधिक शिकवणारी चाचणी हीच आहे. सपाट हेडमध्ये तीन भोके करावीत: एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, इनलेट व्हॉल्व्हवर आणि पिस्टनच्या दूरच्या कडेवर. वापरात नसलेली भोके आतल्या पृष्ठभागाशी समपातळीत येणाऱ्या बुचांनी बंद करावीत. खोलगट राहिलेले भोक स्वतःचा छोटा कक्ष बनवते. प्लग पिस्टनच्या दूरच्या कडेवर असेल तर शेवटचे मिश्रण लालभडक तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर उरते, आणि गरज लक्षणीय वाढते. प्लग एक्झॉस्टच्या बाजूला आणला की सर्वांत तापलेला भाग सर्वांत आधी जळून जातो आणि शेवटचे मिश्रण थंड कोपऱ्यात राहते. अनेकदा नवे हेड ओतण्याआधी एवढ्यानेच बराच नॉक जातो, म्हणून ही चाचणी आकारांच्या मालिकेआधी उरकून घ्यावी आणि मग प्रत्येक आकारात प्लग त्याच्या योग्य जागीच ठेवावा.

मिळालेल्या फायद्याचे काय करावे

सर्वांत कमी गरजेचे हेड निवडल्यावरच कॉम्प्रेशनला हात लावावा. त्याच आकाराचा कक्ष टप्प्याटप्प्याने लहान करत, फट तीच ठेवून, प्रत्येक पायरीवर गरज पुन्हा मोजावी. नॉक नसतानाही इंजिन खडखडीत चालू लागले तर दाब फार झपाट्याने चढत आहे. अशा वेळी फटीचे क्षेत्र थोडे कमी करावे. फटीच्या क्षेत्रासोबत थंड पृष्ठभागही वाढतो आणि उष्णता पाण्यात जाते, त्यामुळे सर्वाधिक फटीचे हेड सर्वाधिक टॉर्क देईलच असे नाही. माझा कल मधल्या रचनेकडे आहे. मॉडेल टीची क्रँकशाफ्ट बारीक आहे, मुख्य बेअरिंग तीनच आहेत आणि त्यांना बॅबिट या मऊ मिश्रधातूचे अस्तर आहे. आजच्या पेट्रोलवर नॉकची मर्यादा फार दूर सरकलेली असल्याने या इंजिनात कॉम्प्रेशन किती वाढवायचे हे नॉक ठरवत नाही, ती क्रँक ठरवते. त्यामुळे प्रत्येक वाढीनंतर काही तास पूर्ण भारावर चालवून बेअरिंगचे झाकण उघडून अस्तर पाहावे आणि त्यात तडा दिसला तर आधीच्या कॉम्प्रेशनवर परत यावे.